दोन जिने वर, एक बाकडं खाली

आमच्या ऑफिसात फायलींसाठी तीन कपाटं आहेत, किश्शांसाठी एकही नाही. त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात साठतात. एकोणीस वर्षं मी इथे टायपिंग करते. निकाल लागला की फाईल बांधून माळ्यावर जाते, किस्से मात्र जात नाहीत. चार मैत्रिणी जमल्या की एखादा बाहेर पडतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा. नवरा म्हणतो, "कुंदा, तू रिटायर झालीस की अख्खं ऑफिस घरी येणार." येऊ दे की! घरी तरी दुसरं काय असतं बोलायला?

तर ऑफिस सदाशिव पेठेत. वकीलबाईंचं आडनाव साठे, पण आम्ही आणि सगळं कोर्ट त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणतं. मॅडम दोनच प्रकारच्या केसेस घेतात. एक, रस्त्यावरचे अपघात. दोन, हॉस्पिटलच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक माणसांचं काही ना काही मोडलेलं असतं. आणि ऑफिस कुठे? दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही!

मी नवीन होते तेव्हा कुबड्या घेतलेले एक गृहस्थ खालूनच ओरडले, "अहो वकीलबाई, हे दोन जिने चढता आले असते तर केस कशाला केली असती?"

मॅडमनी कठड्यावरून वाकून बघितलं. पेन आणि वही उचलली आणि खाली गेल्या. तेव्हापासून नियमच पडला. चढता येत नसेल त्याने खालून हाक मारायची, मॅडम उतरणार. तळमजल्यावरचा दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांचं लाकडी बाकडं आम्ही मागून घेतलं आणि पार्किंगमध्ये पंपाच्या बटणाशेजारी ठेवलं. त्याला आम्ही 'खालचं कोर्ट' म्हणतो.

*

खालच्या कोर्टावर पहिली हरकत घेतली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवस्थळीकाकांनी. रीतसर पत्र आलं, "पार्किंगच्या जागेत व्यवसाय करण्यास सभासदांची हरकत आहे."

मॅडमनी एका ओळीत उत्तर दिलं, "व्यवसाय वर चालतो. खाली मी फक्त ऐकते."

वर्षभर काका बाकड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग एक दिवस लक्ष्मी रोडवर एका रिक्षाने त्यांना उडवलं. नशीब म्हणायचं, पायावर निभावलं. महिनाभराने काका वॉकर ढकलत पार्किंगमध्ये आले आणि बाकड्यासमोर नुसते उभे राहिले. हाक मारायचा धीर होईना! मीच वरून बघितलं आणि मॅडमना सांगितलं.

मॅडम वही घेऊन उतरल्या. म्हणाल्या, "बसा काका. पण आधी सोसायटीची परवानगी आणा."

काकांनी क्षणभर विचार केला. "सेक्रेटरी या नात्याने तोंडी देतो," ते म्हणाले. "लेखी, पाय बरा झाल्यावर."

*

माया मेश्राम आली ती मात्र दोन्ही जिने चढून. पाय ठणठणीत होते, मोडला होता हात.

मूळची भंडाऱ्याची. नवऱ्याबरोबर पुण्यात आलेली, खडकवासल्याच्या रस्त्याला खोली घेऊन राहणारी, नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरी जोडणारी. सगळं काम बोटांचं. स्कूटरवरून पडली, उजवा हात कोपराखाली मोडला. शहरातल्या एका हॉस्पिटलात प्लॅस्टर घातलं. हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही. मॅडमनी बजावलंय, "नाव घेतलंस आणि बदनामीची केस झाली, तर मी तुझं वकीलपत्र घेणार नाही."

प्लॅस्टर फार घट्ट बसलं होतं. आतून हात सुजत गेला. दोन दिवस ती वॉर्डात होती. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टर कापलं, तोवर रक्त न पोचून तीन बोटं कायमची वाकली होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पक्षकाराने आपली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सांगायची. मध्ये कोणी बोलायचं नाही, मॅडमनीसुद्धा नाही. आणि मी ती शब्दाला शब्द टाइप करायची, त्याच्या बोलीत. 'दुखत होतं' म्हणाला तर 'असह्य वेदना होत होत्या' लिहायचं नाही. वकिली भाषा नंतर, वेगळ्या कागदावर.

माया म्हणाली, "मी ओरडून ओरडून सांगतलं मॅडम. हात जळून राहिला म्हनलं. बोटं मेल्यावानी झाली म्हनलं. कोनी पाहाले तयार नाही. आन् प्लॅस्टर कापल्यावर डॉक्टर मलेच म्हनते, दुखत होतं तं सांगायचं ना! तुम्ही लोकं टायमावर बोलतच नाही."

मॅडमनी शेवटी विचारलं, "तुम्हाला काय मिळायला हवंय?"

"थे लिहून पाहिजे," माया म्हणाली. "का मी सांगतलं होतं."

"आणि भरपाई?"

"पैसे बी पाहिजेत. खोटं कायले बोलू? पन आधी थे."

मी सगळं तसंच्या तसं टाइप केलं. एकोणीस वर्षांत हजार जबान्या टाइप केल्या असतील, पण त्या दिवशी माझी बोटं की-बोर्डवर पळत होती आणि समोर तिची तीन बोटं हलत नव्हती. मला भयंकर राग आला. अजून येतो.

*

आता केस करायची तर हॉस्पिटलचे कागद हवेत. वॉर्डातल्या नोंदी, औषधं, सगळं. अर्ज केला की बाहत्तर तासांत पेशंटला कागद द्यावे लागतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण कागद मागायला गेलं की हॉस्पिटलची सिस्टीम नेमकी डाऊन होते!

मायाचा अर्ज देऊन बाहत्तर तास झाले. नव्वद झाले. मॅडम मला म्हणाल्या, "कुंदा, तुझ्याकडे मटार आहेत का गं?"

होते. सीझनच होता. मी तीन किलो मटार, एक पातेलं आणि मायाचं अधिकारपत्र घेऊन हॉस्पिटलच्या रिसेप्शनसमोर जाऊन बसले. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "सिस्टीम सुरू झाली की हाक मारा. मला घाई नाही." आणि सोलायला लागले.

पहिल्या दिवशी कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजर येऊन म्हणाले, "मावशी, इथे भाजी निवडता येणार नाही." मी म्हटलं, "तशी पाटी दिसली नाही कुठे." ते पाटी करायला गेले असावेत, परत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मजा झाली. दोन दिवस मला एकाच जागी बघून पेशंटचे नातेवाईक मला चौकशी खिडकीच समजायला लागले! "मावशी, एक्स-रे कुठे?" "मावशी, ब्लड बँक?" मी सांगत होते. मग एक जण म्हणाला, "मावशी, आमचे पेपर देत नाहीयेत हो." म्हटलं, बस इथे. पातेलं बाजूला ठेवलं आणि त्याला अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. त्याचं बघून शेजारचा आला. त्याचं बघून तिसरी. दुपारपर्यंत काउंटरवर अकरा अर्ज जमा झाले, सगळ्यांवर वेळ घातलेली आणि खाली ठळक अक्षरात 'बाहत्तर तास'.

मॅनेजर धावत आले. "मावशी, तुमची सिस्टीम सुरू झाली!"

अर्ध्या तासात मायाचे कागद हातात. मटार मात्र थोडे राहिले होते, ते मी घरी जाऊन सोलले.

*

कागद आले, आणि मी ते वाचायला बसले. वॉर्डाच्या नोंदींत दर दोन तासांनी एकच वाक्य, 'पेशंटची तक्रार नाही.' दोन दिवस, रांगेने. त्यांच्या कागदावर माया एकदाही ओरडली नव्हती.

केस ग्राहक आयोगात दाखल झाली आणि तारखा पडायला लागल्या. हॉस्पिटलतर्फे उभे राहिले राजवाडे वकील. माणूस वाईट नाही हं! फक्त नेहमी समोरच्या बाजूला असतो. विमा कंपन्यांच्या केसेसही तेच चालवतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी गाठ पडतेच.

त्याच सुमारास तांबेसरांची केस होती. शाळेत चित्रकला शिकवणारे सर, टेम्पोच्या धडकेत गुडघा गेलेला. राजवाड्यांनी न्यायाधिकरणासमोर विमा कंपनीच्या माणसाने चोरून काढलेला एक फोटो ठेवला. तांबेसर आमच्या ऑफिसच्या दारात, हसतायत.

"साहेब, यांचा गुडघा निकामी आहे म्हणतात. हे बघा, दोन जिने चढून वकिलांच्या दारात उभे आहेत. चेहऱ्यावर दुखल्याचं चिन्ह तरी आहे का?"

फोटो कमरेपासून वरचाच होता. मॅडमनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "साहेब, माझा पक्षकार पाच फूट दोन इंच आहे. माझ्या नावाची पाटी दाराच्या चौकटीच्या वर आहे. ती यांच्या नाकासमोर कशी आली?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "खालचा अर्धा भाग कुठे आहे?"

तो राजवाड्यांच्याच फाईलमध्ये निघाला. त्या दिवशी टाकी ओसंडून पार्किंगमध्ये पाणी साठलं होतं, बाकड्यावर बसायची सोय नव्हती. म्हणून सरांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही वर उचलून नेलं होतं. पुढे कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दोघे, मागे मी आणि पाय बरा झालेले देवस्थळीकाका.

"हे मागचे वयस्कर गृहस्थ कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी," मॅडम म्हणाल्या. "पार्किंगच्या वापराला त्यांची हरकत असते."

*

राजवाड्यांची अजून एक गोष्ट सांगते आणि मग मायाकडे वळते. सिग्नल तोडून आलेल्या एका गाडीने कॉलेजच्या मुलीला उडवलं होतं. एकच साक्षीदार, कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या पारूबाई. रोज सकाळी गावाकडून पाटी घेऊन येतात.

राजवाडे म्हणाले, "तुमचं लक्ष धंद्यावर होतं ना?"

"व्हय सायेब."

"पूर्ण लक्ष?"

"तर वो! ध्यान नाय ठिवलं तर पोट कसं भरंल?"

"मग रस्त्यावर काय झालं ते तुम्हाला कसं दिसणार?" राजवाडे विजयी मुद्रेने वळले.

पारूबाई म्हणाल्या, "सायेब, परवा तुमी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आन् तिसरी हळूच पिशवीत सारली. तवाबी माजं ध्यान धंद्यावरच व्हतं."

राजवाडे वकील आता भाजी मंडईतून आणतात.

*

मायाच्या केसमध्ये मध्येच तडजोडीचा निरोप आला. हॉस्पिटल पैसे द्यायला तयार होतं, आणि रक्कम वाईट नव्हती. अट एकच, हॉस्पिटलची चूक झाली असं कुठे लिहिलं जाणार नाही.

मॅडमनी तिला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. केस लांबेल. हरूही शकतो, कारण 'तक्रार नाही' असं त्यांच्या कागदावर चोवीस वेळा आहे. तुमचा शब्द एक, त्यांचे चोवीस. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. वर्कशॉपने तिला कामावरून कमी केलं होतं, घर एकट्याच्या पगारावर चाललं होतं. तो हळूच म्हणाला, "घेऊन टाकू ना माया."

मायाने वाकलेली बोटं पदराखाली घेतली. "घेतलं तं मंग मी खोटी झाली ना," ती म्हणाली. "पोरगी उद्या इचारन, आई तू बोलली काहून नाही? तिले काय सांगू?"

मॅडमनी तडजोडीचं पत्र फाईलमध्ये लावलं आणि मला म्हणाल्या, "कुंदा, नकार टाइप कर."

मी केला. रात्री जेवण गेलं नाही मला. चोवीस वेळा 'तक्रार नाही' डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या दिवशी मायाच्या नवऱ्याला फोन केला. म्हटलं, घरात त्या दोन दिवसांचा जो काही कागदाचा कपटा असेल तो घेऊन या. तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात हॉस्पिटलच्याच मेडिकल स्टोअरच्या पावत्या होत्या. प्रत्येक पावतीवर वेळ छापलेली. वेदनाशामक इंजेक्शन, सकाळी. पुन्हा दुपारी. पुन्हा संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी तर पाच! नवरा सांगत होता, "सिस्टर चिठ्ठी देत होती आन् मी धावत जाऊन आनत होतो." मी वॉर्डाच्या नोंदी एका बाजूला लावल्या, पावत्या दुसऱ्या बाजूला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी दोन्हीकडच्या वेळा ताडून बघितल्या. उठून मला चहा करून दिला. एकोणीस वर्षांत एकदाच!

आयोगात बरंचसं काम कागदावर चालतं, पण मॅडमनी डॉक्टरांना समोर प्रश्न विचारायची परवानगी मागून घेतली.

"डॉक्टर, पेशंटची तक्रार नव्हती?"

"नव्हती. नोंदीत आहे."

"बारा वाजता तक्रार नाही, सव्वाबाराला इंजेक्शन. चार वाजता तक्रार नाही, चार दहाला इंजेक्शन. ही कोणाला दिली? नवऱ्याला?"

राजवाडे उठले, पण डॉक्टरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. सकाळपासून ताटकळलेले, वैतागलेले होते. "अहो मॅडम, ती बाई दोन दिवस सारखी ओरडत होती! वॉर्डातल्या कोणाला झोपू देत नव्हती! इंजेक्शन देऊ नको तर काय करू?"

मॅडम म्हणाल्या, "धन्यवाद. मला एवढंच विचारायचं होतं." आणि खाली बसल्या.

राजवाड्यांनी डोळे मिटले. माया माझ्या शेजारी बसली होती. तिने डाव्या हाताने माझा हात इतका घट्ट धरला, की मलाच ओरडावंसं वाटलं.

*

आदेश आला, मराठीत. माया जिने चढून वर आली. मॅडमनी पान उघडून वाक्यावर पेन्सिल टेकवली. तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला. "तक्रारदार माया मेश्राम यांनी दुखत असल्याचे वारंवार सांगितले होते."

"वारंवार म्हंजे?"

"पुन्हा पुन्हा," मी म्हटलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तसंच सांगतलं होतं."

त्या पानाच्या दोन झेरॉक्स मागून घेतल्या. एक लॅमिनेट करायला, एक पोरीला. नमस्कार करून दोन्ही जिने उतरून खाली गेली. पाच मिनिटांनी धापा टाकत पुन्हा दारात!

"मॅडम, पैशाचं काय लिहिलं आहे?"

मॅडमनी पुढचं पान उलटून आकडा दाखवला. त्या आदेशाने माझी मान जी ताठ झाली, ती अजून तशीच आहे. वर्कशॉपने तिला परत घेतलं. आता वायरी दुसरे जोडतात आणि ही तपासते. चुकलेली वायर तिच्या नजरेतून सुटत नाही म्हणे.

*

आता शेवटचा. हा माझा स्वतःचा आहे.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. हातात चार फायली, डोक्यात पाचवी. ऑफिसच्या दुसऱ्या जिन्यावरून घसरले आणि मनगटावर पडले. अपघाताच्या केसेस चालवणाऱ्या ऑफिसच्या जिन्यात, त्याच ऑफिसची टायपिस्ट! मॅडम धावत आल्या. मला म्हणतात, "कुंदा, हलू नकोस. नोटीस मलाच पाठवायची ना?"

देवस्थळीकाकांनी रिक्षा आणली. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं, तर मायाला प्लॅस्टर घातलेलं तेच! मी म्हटलं, तिथे नको. मॅडम म्हणाल्या, "चल. बघू तरी."

प्लॅस्टर झालं. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले, म्हणून कॉटवर पडून राहिले. नवीन, चुणचुणीत सिस्टर होती, वीस-बावीसची. तासाभराने आली. "मावशी, बोटं हलवून दाखवा. मुंग्या येतायत का? घट्ट वाटतंय?" म्हटलं, नाही. पुढच्या तासाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझा डोळा लागत होता.

मी वैतागले. "अहो सिस्टर, दुखलं तर सांगेन ना मी! सदाशिव पेठेतली आहे, गप्प बसणाऱ्यातली नाही."

"नाही मावशी," ती म्हणाली. "पेशंट सांगेल म्हणून थांबायचं नसतं. आपणच विचारायचं. मेश्राम आहे ना."

"काय आहे?"

तिने कॉटला अडकवलेला तक्ता माझ्याकडे वळवला. ताप, नाडी, ब्लड प्रेशर, आणि शेवटच्या रकान्यावर छापलेलं, 'मेश्राम'. खाली तिच्या बरोबरच्या तीन खुणा, प्रत्येकीपुढे वेळ.

"प्लॅस्टरचा पेशंट असला की दर तासाला मेश्राम करायचंच. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात."

"कोण हो हे मेश्राम?" मी विचारलं.

तिने पेनाचं टोपण काढलं. "नक्की माहीत नाही. नागपूरकडचे कोणीतरी मोठे सर्जन असतील."

"असतील," मी म्हटलं, आणि पाचही बोटं हलवून दाखवली.